रानडुक्कर, भाग क्रमांक सात

एका जंगलात एक नदी होती. कुठल्या जंगलात, ते विचारू नका मुलांनो. नाव सांगितलं की तिथली मंडळी माझ्या दारात येऊन उभी राहतात. तुम्ही आपली हाताची घडी घाला आणि ऐका.

नदीचं नाव वाकडी. सरळ वाहायचं तिला जन्मात जमलं नव्हतं. डोंगरावरून यायची, एका जांभळापाशी गिरकी घ्यायची आणि डावीकडून खाली पळून जायची. उजवीकडे खालचं रान होतं. तिथे गवत होतं, ससे होते, एक डबकं होतं. पण नदी तिकडे ढुंकूनही बघत नसे.

म्हणून जांभळापाशी एक बंधारा होता. बंधारा म्हणजे नदीला आडवी घातलेली बुटकी भिंत. पाणी अडतं, थोडं चढतं आणि बाजूच्या पाटात शिरतं. पाट म्हणजे जेवायला बसायचा पाट नव्हे रे, ए! हा पाण्याचा पाट. जमिनीत खणलेली अरुंद वाट. त्या वाटेने पाणी खालच्या रानात जायचं आणि डबकं भरायचं.

हा बंधारा मुसंडीराव रानडुकरांचा. म्हणजे बांधलेला त्यांनी. मुसंडीराव अंगाने आडवे, रंगाने काळे आणि स्वभावाने अगदी मऊ. नदीतले गोटे रचायचे, मध्ये काटक्या खोचायच्या, वरून चिखल थापायचा. चिखलातलं त्यांना सगळं कळायचं. कुठला चिकट, कुठला भुसभुशीत, कुठल्यात वाळू जास्त, हे ते नुसतं नाक खुपसून सांगायचे. दर पावसाळ्यात पूर यायचा आणि बंधारा घेऊन जायचा. पूर ओसरला की मुसंडीराव पुन्हा बांधायचे. ना तक्रार, ना आरडाओरडा.

आता असल्या बंधाऱ्याला गळती लागायचीच. त्यावर मुसंडीरावांकडे एकच उपाय होता. ते जायचे आणि भोकात बसायचे. बूड नीट टेकवलं, पाठ रेलली, की गळती बंद. आजूबाजूचा चिखल बसेपर्यंत आणि काटक्या फुगेपर्यंत हलायचं नाही. हसता काय? तुमच्यातल्या कितीजणांना एका जागी घटकाभर तरी बसता येतं? हात वर करा. बघा, एकही नाही.

तर त्या वर्षी काय झालं, डबक्यातल्या डरावतीबाई बेडकिणीने फार उशिरा अंडी घातली. लग्नच उशिरा जमलं होतं. प्रत्येक स्थळ बाईंना एक तर फार ओलं वाटायचं, नाहीतर फार कोरडं. पावसाळा संपला आणि मग बाईंना साडेतीनशे पोरं झाली. बेडकाची पोरं म्हणजे बेडूकमासे. नुसतं डोकं आणि शेपटी. पायांचा पत्ता नाही. आणि इकडे डबकं आटायला लागलं.

डरावतीबाई धापा टाकत बंधाऱ्यावर आल्या.

"मुसंडीभाऊ, माझ्या पोरांना पाय फुटायला चाळीस दिवस लागतात हो. तोवर पाणी आटलं तर तळातल्या चिखलात तडफडून..." त्यांचे डोळे वाहायला लागले.

मुसंडीरावांनी हातातला गोटा खाली ठेवला. ते म्हणाले, "बाई, डोळे पुसा आधी. चाळीस दिवस पाट वाहील. दिला शब्द."

शब्द दिला आणि तिसऱ्याच दिवशी बंधाऱ्याला मधोमध हे एवढं खिंडार पडलं. मुसंडीराव उठले, वास घेतला, मान हलवली आणि खिंडारात जाऊन बसले. खिंडार नेमकं त्यांच्या मापाचं होतं. बसले ते बसलेच. ससे कंद आणून तोंडात भरवायचे. डरावतीबाई रोज सकाळी येऊन पोरांची खबर सांगायच्या आणि दिवस मोजायच्या.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. आता राजवाड्यात जाऊ. तिथे काय चाललं होतं ते ऐका.

त्या जंगलाचे राजे सिंहमहाराज. एके दिवशी त्यांच्या कानावर आलं, की शेजारच्या जंगलात वाघाने म्हणे आपल्या राज्यातल्या सगळ्या बंधाऱ्यांची यादी करवली. कुठला बंधारा कुठल्या प्रकारचा, कुणाची तब्येत कशी, कोण धडका, कोण मोडका. अ, ब, क, ड असे दर्जेसुद्धा दिले. महाराजांना जेवण गोड लागेना.

"आपल्याकडे यादी का नाही?" ते गरजले.

कारण आपल्याकडे बंधारेच दोन आहेत, हे सांगायची कुणाची छाती नव्हती. समिती नेमली गेली.

समितीचे अध्यक्ष करकोचेसाहेब. ते रोज पाण्यात एका पायावर उभे असत, म्हणून त्यांना पाण्यातलं कळतं असा सगळ्यांचा समज होता. खरं तर ते तिथे जेवायला उभे असत. सदस्य म्हणून मधमारे अस्वल. समितीत एक अस्वल लागतंच, असा रिवाज होता. त्यांचं काम मान हलवायचं. आणि नोंदीला राघोपंत पोपट. जंगलात कागद नव्हता ना, मग साहेब जे बोलतील ते पोपटाने पाठ करायचं. पोपटाने एकदा म्हटलं की नोंद झाली. खोडाखोड बंद.

समिती आधी महाराजांच्या बंधाऱ्यावर गेली. नाव आयाळसागर. हा बांधला होता घडीव दगडांचा, उघड्या माळावर. माळावर का? तिथे जागा सपाट होती आणि उद्घाटनाच्या मंडपाला ऐसपैस पडत होतं. नदीला मागाहून बोलावू, असं ठरलं होतं. नदी आली नाही.

करकोचेसाहेबांनी तक्ता सुरू केला.

"गळती?"

"नाही," राघोपंत म्हणाले.

"ओल? शेवाळ? गाळ?"

"नाही. नाही. नाही."

"लाभधारकांच्या तक्रारी?"

"लाभधारकच नाहीत, साहेब."

करकोचेसाहेबांचे डोळे भरून आले. इतका निर्दोष बंधारा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. "दर्जा अ," ते म्हणाले. मधमाऱ्यांनी मान हलवली.

तिथून समिती वाकडीवर आली. तो तेरावा दिवस होता.

मुसंडीराव खिंडारात बसलेले. पाठीवरून पाण्याची बारीक धार, कानावर शेवाळ. समोर राजाची माणसं बघून ते गडबडले.

"नमस्कार साहेब. उठलो असतो, पण उठलो तर बंधारा जाईल."

करकोचेसाहेबांनी मान तिरकी केली. "म्हणजे हा बंधारा तुमच्यावर उभा आहे?"

"तसंच म्हणा ना."

"मग तुम्ही बंधाऱ्याचे भाग झालात. राघोपंत, घ्या. भाग एक, गोटे. दोन, काटक्या. तीन, चिखल. चार, पाटाचं तोंड. पाच, डावा काठ. सहा, उजवा काठ. भाग सात, रानडुक्कर, नग एक."

"रानडुक्कर, नग एक," राघोपंत म्हणाले. झाली नोंद.

मुसंडीरावांना काही कळेना. "अहो, मी बांधणारा आहे!"

"बांधणाऱ्याला रकाना नाही. आता भागांची अवस्था बघू." साहेबांनी चोचीने त्यांच्या पाठीवर टकटक केलं. मुसंडीरावांच्या पोटातून घुर्र असा आवाज आला. "भाग सात ठोकून पाहिला. आत पोकळी आढळते."

"पोकळी कसली, साहेब? सकाळपासून पोटात काही नाही. ससे अजून यायचेत."

"हा तडा कशाचा?"

"बिबट्याचा पंजा आहे तो. जुनी जखम."

"जुना तडा, दुरुस्ती केलेली नाही. आणि हा झाडोरा?"

"केस आहेत हो ते माझे!"

"बंधाऱ्यावर झाडोरा वाढलेला. मुळासकट उपटावा. शिवाय भाग सात उलट बोलतो." साहेबांनी तक्ता आठवून पाहिला. "बोलण्याला रकाना नाही. ते सोडून द्या."

मधमाऱ्यांनी मान हलवली. मुसंडीरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण काय करतात? रागाने उठावं, तर साडेतीनशे पोरं मरतात. त्यांनी बूड आणखी घट्ट टेकवलं.

"लाभधारक किती?" साहेबांनी विचारलं.

आता कुठे एक चांगला प्रश्न आला, असं वाटून मुसंडीराव भोळेपणाने म्हणाले, "साडेतीनशे, साहेब! खालच्या डबक्यात. डरावतीबाईंचे बेडूकमासे."

करकोचेसाहेबांनी वर उचललेला पाय खाली ठेवला. चोच एकदा उघडली, एकदा मिटली.

"साडेतीनशे? कोवळे?"

"हो, म्हणजे..."

"यांची प्रत्यक्ष पडताळणी करावी लागेल. एकेकाची. मी स्वतः करीन."

अरे देवा! मुसंडीरावांच्या तेव्हा लक्षात आलं, की हा साहेब साहेब असला तरी करकोचा आहे, आणि करकोचा काय खातो. गार पाण्यात बसूनही त्यांना घाम फुटला. जीभ चावून उपयोग नव्हता. बोलून बसले होते.

पण डुकराचं डोकं काही कमी नसतं. ते म्हणाले, "साहेब, आत्ता पोरं फार बारीक आहेत. चोचीच्या टोकावर पाच मावतील. यात पडताळणी ती कसली? चाळीस दिवस भरू द्या. अंगाने चांगली भरतील."

साहेबांनी विचार केला. "बरोबर आहे. पडताळणी भरीव झाली पाहिजे. चाळिसाव्या दिवशी सकाळी येतो."

मग त्यांनी बंधाऱ्याला दर्जा दिला. ड. त्याच्या खाली दर्जा नव्हता, असता तर तो दिला असता.

समिती गेली आणि मुसंडीराव हिशेब करत बसले. चाळिसाव्या दिवशी पाय फुटलेले असले तर पोरं पळतील. नसले तर एकेक करून साहेबांच्या पोटात जातील. आणि मध्ये पाणी तुटलं तर साहेबांची वाटही बघावी लागणार नाही. डरावतीबाईंना हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पण सांगावं लागलंच. बाई ऐकून मटकन खालीच बसल्या.

"भाऊ, तुम्ही त्याला आकडासुद्धा सांगितलात?"

"चुकलो, बाई. मला वाटलं, आपल्या बंधाऱ्याचं कौतुक होईल."

बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दिवस मात्र येऊन मोजून गेल्या.

सोळाव्या दिवशी हुकूम आला. राघोपंतांनी जांभळावर बसून तो वाचला, म्हणजे म्हटला. ड दर्जाचा बंधारा अ दर्जाला न्यायचा. त्याचे दोष कोणते? ओल, शेवाळ, गाळ, गळती. हे सगळे दोष कशामुळे? पाण्यामुळे. आयाळसागराला पाणी लागत नाही, म्हणून तो बघा कसा ठणठणीत आहे. सबब, बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी वाकडी नदी बंधाऱ्यापासून दूर करण्यात यावी.

ऐकलंत ना? पुन्हा सांगू? नको, पहिल्यांदा कळलं नसेल तर दुसऱ्यांदाही कळणार नाही.

मुसंडीरावांनी कपाळाला हात लावला असता, पण हात चिखलात रुतले होते. नदी गेली तर पाटाला पाणी कुठलं? आणि पाट सुकला तर त्या शेपट्यांचं काय? चोवीस दिवस राहिले होते.

नदी दूर करायचं काम सुरू झालं. पहिल्या दिवशी राघोपंतांनी नदीला हुकूम म्हणून दाखवला. नदी वाहत राहिली. त्यांनी पुन्हा मोठ्याने म्हटला. दुसऱ्या दिवशी चाळीस माकडं आणली. त्यांनी काठ्या घेऊन पाण्याला हाकललं. पाणी पुढे जायचं, पण मागून दुसरं यायचं. संध्याकाळी माकडं ओलीचिंब होऊन शिंकत घरी गेली. करकोचेसाहेबांनी हात टेकले. हात म्हणजे पंख.

"या जंगलात नदी वळवता येणारं कुणीच नाही का?" त्यांनी वैतागून विचारलं. "राघोपंत, नोंदी बघा."

राघोपंतांनी डोळे मिटून सगळा तक्ता म्हटला. नदी प्रत्यक्षात वळवतो का, या रकान्यात आयाळसागराचं 'नाही' होतं. 'होय' फक्त एकाचं होतं. ड दर्जाच्या बंधाऱ्याचं.

अठराव्या दिवशी सकाळी समिती मुसंडीरावांपुढे येऊन उभी राहिली. साहेब घसा खाकरून म्हणाले, "भाग सात, तुम्हाला नदी वळवता येते असं कळतं."

मुसंडीरावांच्या डोक्यात चटकन काहीतरी उजळलं. त्यांनी चेहरा मात्र डुकरासारखाच ठेवला.

"येते की, साहेब. इथून दोनशे पावलं वर नदी अडवतो आणि उजवीकडून काढून देतो. मग या बंधाऱ्याला थेंब लागायचा नाही. फक्त मला इथून उठावं लागेल."

"अशक्य! बंधाऱ्याचा भाग काढता येत नाही. दर्जा आणखी खाली जाईल आणि खाली दर्जाच नाही. गोंधळ होईल."

"मग माझ्या जागी दुसरा बसवा. माझ्याच मापाचा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि मग सगळे मधमाऱ्यांकडे बघू लागले. मधमाऱ्यांनी सवयीने मान हलवली. झालं. ठराव मंजूर.

मुसंडीराव पंधरा दिवसांनी पहिल्यांदा उभे राहिले. पाय सुजून खांबासारखे झाले होते. पाण्याची एक जोराची चिळकांडी उडाली, तेवढ्यात मधमाऱ्यांना त्या जागी बसवलं. खिंडार गच्च भरलं. सगळ्यांना वाटलं, आता हे ओरडणार. पण मधमाऱ्यांनी डोळे मिटले आणि समितीत आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अहाहा," ते म्हणाले. "काय गार आहे हो."

मुसंडीराव वर गेले आणि कामाला भिडले. गोटे ढकलले, काटक्या खोचल्या, नाक खुपसून चिकट चिखल हुडकला. ससे माती उकरायला आले. नवा पाट खणायचा होता, तो जांभळाला वळसा घालून जुन्या पाटाला जोडायचा होता. म्हणजे पाणी जाणार कुठे? तिथेच, डबक्यात! साहेबांनी फक्त नदी बंधाऱ्यापासून दूर करायला सांगितली होती. दूर करून कुठे न्यायची, याला रकाना नव्हता.

तिसाव्या दिवशी काम पुरं झालं. नदी नव्या पाटात वळली. जुना बंधारा उन्हात खडखडीत वाळला. नव्या बंधाऱ्याला अर्थातच गळती लागली आणि मुसंडीराव तिच्यात जाऊन बसले.

एकतिसाव्या दिवशी करकोचेसाहेब तपासणीला आले. जुन्या बंधाऱ्यात ओल नाही, शेवाळ सुकून गळलेलं. दर्जा अ! ते मधमाऱ्यांना म्हणाले, "उठा आता, सदस्य."

"बसू द्या ना, साहेब," मधमारे म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा कुठेतरी उपयोगी पडलोय."

त्यांना तसंच ठेवून साहेब रमतगमत वर आले आणि थबकले. समोर गोटे, काटक्या, चिखल, गळती, शेवाळ, आणि मध्ये रानडुक्कर.

"हे काय आहे?"

मुसंडीरावांनी मनात हिशेब केला. साहेबांनी याला ड म्हटलं, की पुन्हा हुकूम, पुन्हा नदी हलवा, आणि पोरांचे नऊ दिवस बाकी. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, हे काहीच नाही. ही तुमच्याच हुकुमाची दुरुस्ती आहे."

साहेब एका पायावर उभे राहून विचार करू लागले. मग पाय बदलून विचार केला. याला ड दर्जा द्यावा, तर साहेबांची दुरुस्ती ड दर्जाची ठरते. अ द्यावा, तर ती ओली आहे. महाराज विचारतील.

"दुरुस्तीला दर्जा नसतो," ते शेवटी म्हणाले. "राघोपंत, हे आपण पाहिलेलं नाही."

"हे आपण पाहिलेलं नाही," राघोपंत म्हणाले. मुसंडीरावांच्या जिवात जीव आला.

पुढचे दिवस मुंगीच्या पावलांनी गेले. अडतिसाव्या दिवशी मुसंडीरावांनी विचारलं, "बाई, पाय?"

"मागचे आलेत."

"आणि पुढचे?"

"कोपरापर्यंत." बाई म्हणाल्या. "उड्या मारून बघा म्हटलं, तर नुसती ढेकळासारखी लोळतात हो."

चाळिसावा दिवस उजाडला. नव्या बंधाऱ्यावरून खालचं डबकं स्पष्ट दिसायचं. मुसंडीराव टक लावून बसले. करकोचेसाहेब आले. आदल्या दिवसापासून त्यांनी उपास धरला होता. चोच घासून लख्ख केली होती. डबक्याच्या काठावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "लाभधारक क्रमांक एक, पुढे या."

"लाभधारक क्रमांक एक!" राघोपंत ओरडले.

पाण्यातून एक इवलंसं डोकं वर आलं. पोरं भाबडी असतात. नाव पुकारलं की येतात. तुमच्यासारखी नाहीत. साहेबांची मान हळूहळू खाली वाकली.

मुसंडीरावांना वाटलं, धावत जावं आणि करकोच्याला एकच धडक द्यावी. पण ते उठले तर पाणी तुटणार. त्यांनी छाती भरून घेतली आणि असे ओरडले, की जांभळावरची पानं गळाली.

"पळा रे पोरांनो! उड्या मारा! मारा उड्या!"

लाभधारक क्रमांक एकला उडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण तो एवढा दचकला, की पाय आपोआप ताणले गेले. टुण! साहेबांची चोच चिखलात रुतली आणि पोरगं साहेबांच्या डोक्यावरून पलीकडे गवतात पडलं. ते बघून दुसरं उडालं. टुण! मग तिसरं. मग काय विचारता! दहा, वीस, शंभर. साहेबांच्या पायांमधून, पाठीवरून, राघोपंतांच्या शेपटीवरून. डबकं उकळायला लागल्यासारखं दिसत होतं. साहेब चोच मारायचे आणि दर वेळी तोंडात चिखलच यायचा. डरावतीबाई काठावर उभ्या राहून रडत होत्या, हसत होत्या आणि डरावडराव करून सारं रान डोक्यावर घेत होत्या.

शेवटी डबक्यात एकच पोरगं उरलं. शेपटी अजून लोंबत होती. साहेबांच्या तोंडात एव्हाना इतका चिखल भरला होता, की चोच उघडेना. पोरगं आपलं सावकाश, धडपडत, सगळ्यांच्या देखत बाहेर आलं आणि गवतात शिरलं.

साहेबांनी चोच धुतली. अंग झटकलं. आवाजात जमेल तेवढा रुबाब आणला.

"राघोपंत, घ्या. पडताळणी केली. लाभधारक, शून्य. म्हणून तक्रारी, शून्य. हा बंधारा आता अ नव्हे, आदर्श."

दुपारी जुन्या बंधाऱ्यावर मोठा समारंभ झाला. ढोल, ताशे, आंब्याची तोरणं. सिंहमहाराज स्वतः आले. नदीच्या कोरड्या पात्रात, बंधाऱ्यासमोर उभे राहून त्यांनी भाग क्रमांक सातला हार घातला. मधमाऱ्यांनी मान हलवली.

ढोल ऐकून वरती मुसंडीरावांनी नव्या बंधाऱ्यात एक जांभई दिली. शेवटचं पोरगं गवतात पोचलं होतं. चाळीस दिवस भरले होते. शब्द पाळून झाला होता. त्यांना एकदम जाणवलं, की पाठ फार दुखते आहे. ते उठले. अंग झाडलं. आणि छानशा चिखलात लोळायला निघून गेले.

गळती मोकळी झाली. पाणी आपल्या जुन्या वाटेने खाली आलं, समारंभात शिरलं आणि बंधाऱ्याला येऊन थडकलं. तिथे खिंडारात मधमारे गच्च बसलेले. त्यांनी पाणी इतकं सुरेख अडवलं, की बघता बघता ते महाराजांच्या पंज्यांवर आलं, मग गुडघ्यांवर, मग आयाळीच्या टोकांवर.

"अहाहा," मधमारे म्हणाले.

महाराजांनी डरकाळी फोडली. "हे पाणी कुठून आलं?"

करकोचेसाहेबांच्या पाचावर धारण बसली. त्यांनी राघोपंतांकडून नोंदी तपासून घेतल्या. आदर्श बंधारा, गळती नाही. भाग क्रमांक सात, जागेवर आहे. नदी, दूर केलेली आहे. वरचं ते जे काही आहे, ते आपण पाहिलेलं नाही.

"महाराज," साहेब कंबरभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "नोंदीप्रमाणे आपण कोरडे आहात."

"कोरडे आहात," राघोपंत म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी आयाळ पिळली आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

तात्पर्य, मुलांनो, आणि हे सुवाच्य अक्षरात उतरवून घ्या: पाण्याच्या कामात असाल तर पाण्याला शिवू नका, दर्जा जातो. शिवायचंच असेल तर त्या कामाला दुरुस्ती म्हणा. आणि तुमच्या भल्यासाठी कुणी मोजदाद करायला येतोय असं कळलं, तर आधी पाय फुटू द्या, मग हजेरी द्या.